परमिट

अंगणवाडीसमोर ताम्हण लावलं तेव्हाच मी म्हटलं होतं,
फुलझेलेबाई, वर अकरा हजाराची तार आहे.
त्यांनी वर बघितलं नाही.
काळ्या पिशवीला ब्लेडनं उभा चीर दिला,
मुळांचं वेटोळं बोटांनी सैल केलं,
शाळेत जाणाऱ्या पोरीची गुंत काढावी तसं,
आणि म्हणाल्या, "तार तुही. खड्डा माहा."

रोपवाटिकेतून सात रुपयांना आणलेली काडी.
शेळ्यांसाठी बोराटीचं कुंपण, वाळवीसाठी बुंध्याला गेरू,
एप्रिलात बोडी आटली की
पोरांनी हात धुतलेलं पाणी पन्हाळीतून आळ्यात:
खिचडीआधी तीस पोरं, खिचडीनंतर तीस पोरं.
वर तणसाचा थर, बुडापासून चार बोटं सोडून.
"चिकटवला की सडते."
मी सायकल टेकवून ऐकायचो. ऐकून विसरायचो.

पाचव्या वर्षी शेंडा तारेखाली दीड हातावर आला.
मे महिन्यात ऑफिसातून कागद येतो: मान्सूनपूर्व देखभाल.
मी कोयता घेऊन गेलो.
झाडाला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या,
कंगोऱ्यांच्या, बैलाच्या घुंगरांसारख्या.
मी सगळं एका उंचीवर उडवलं,
टेबलासारखं सपाट.
बाई काही बोलल्या नाहीत.
फक्त त्या दिवशी मला पाण्याचा पेला मिळाला नाही.

पुढच्या वर्षी कापल्या जागी मुठीएवढ्या गाठी,
एकेका गाठीतून वीस-वीस लांबडे फोक.
फुलं आली, फोकांना झेपली नाहीत.
एका वादळात सगळ्यांनी माना टाकल्या
आणि जांभळा रंग गाडीवाटेच्या चिखलात गेला.
"पाह्य," बाई म्हणाल्या,
"तुले झाड दिसलंच नाही. तुले तार दिसली."
खरं होतं.
अठरा वर्षं मला पगार तारेचाच मिळत होता.

मग त्यांनी मला माघात बोलावलं.
पानं गळलेली. झाडाचा सगळा हिशोब उघडा.
मी शिडीवर, त्या खाली, पदर खोचून.
"ते आत घुसणारं काप.
हे दोघं घासतात, एक ठेव.
डोळ्याच्या वर, तिरपं. बाहेर पाहणारा डोळा ठेव.
जाडीले हात लावू नको."
मी परमिट घेतलं होतं. सबस्टेशनला फोन,
डीओ उतरवले, अर्थिंग टाकलं.
पाऊण तास सगळा सालेमेंढा बंद.
गुणवंता सुरपामचं वेल्डिंग थांबलं,
पंचायतीत एक दाखला प्रिंटरच्या तोंडात अडकला,
गिरणीच्या दारात बायकांचे डबे रांगेत.
"काऊन बा, लाईन काऊन गेली?"
"ताम्हणाची कटिंग चालू हाय."
"अस्सं."
आणि गिरणीवाल्यानं बिडी पेटवली.

तेव्हापासून हे दरसाल.
रजिस्टरात माघातल्या छाटणीला रकाना नाही.
मे महिन्यात कागद आला की मी लिहितो, अडथळा नाही.
आणि नसतोच.
ठेंगण्या दारातून माणूस वाकून शिरतो
तसं ते तारेखाली वाकून रुंद झालंय,
आणि सत्तेचाळीस डिग्रीत,
कुत्रीसुद्धा नालीत पडून असताना,
ट्रंकेतून काढलेल्या चुरगळलेल्या लुगड्यासारखं
जांभळं, घड्यांसकट, बाहेर येतं.

बाई रिटायर झाल्या. गोंदियाला लेकीकडे असतात.
फोन करतात, फक्त माघात.
माझी तब्येत विचारत नाहीत.
"वरचा डोळा कुठं पाहते?" एवढंच.

यंदा गुडघ्यांनी शिडी नाकारली.
वर नवा हेल्पर निखाडे होता, कोयता नवा, हात घाईचा.
खालून मी ओरडलो, "जाडीले हात लावू नको!"
आणि कोण बोललं म्हणून स्वतःच मागं वळून पाहिलं.
निखाडेनं विचारलं, "सर, परमिटमध्ये कारण काय लिहू?"
मी म्हटलं, लिही, देखभाल.
आणि उरकू नको.
गिरणीवाल्याची बिडी अजून अर्धी आहे.